नदीसुरयांच्या बेटावर कोण गेलं होतं

भिगवणला कसं जायचं हे लोक मला वर्षानुवर्षं विचारत आले आहेत, म्हणून ते आधी सांगून टाकते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सरळ जायचं. दोन तासांच्या आसपास लागतात; उसाच्या ट्रॅक्टरांमागे सापडलात तर तीन. उजनी धरणाचं पाणी मागे पसरून जो उथळ, अफाट तलाव झालाय त्याच्या काठाने पाच-सहा गावं आहेत, आणि कुठल्याही गावात उतरलात तरी होडी मिळते. थंडीत गेलात तर रोहित पक्षी दिसतात, म्हणजे सगळे ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात ते. मी यंदा ज्या गावात गेले त्याचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या माणसांना माझ्यामुळे एकदा पुरेसा त्रास झाला आहे.

तो त्रास काय, ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले. पक्ष्यांबद्दल लिहीन, जेवणाबद्दलही लिहीन. पण मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की मी बोलणारी बाई नाही. आणि ज्या दिवशी बोलायलाच हवं होतं त्या दिवशी मी एकच शब्द बोलले, तोही खोटा.

आमच्या कोथरूडच्या घरात, बाहेरच्या खोलीत, एक छायाचित्र अकरा वर्षं टांगलेलं होतं. मीच काढलेलं. नदीसुरय नावाचा पक्षी हवेत थबकलाय. काळी टोपी, पिवळी चोच, कात्रीसारखी शेपूट. पोटाची पिसं ओली आहेत, त्यातून थेंब गळतायत, आणि खाली उघड्या जमिनीवर तीन अंडी. मे महिन्याच्या उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून हे पक्षी पाण्यात पोट बुडवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. त्या छायाचित्राला मोठं बक्षीस मिळालं होतं. खाली 'आई' असं नाव मीच दिलं होतं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी धाकटी नणंद शुभा आली. ती खराडीला एका कंपनीत नोकरभरतीचं काम बघते. दिवसभर माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरातलं काय खोटं ते ओळखायचं, हा तिचा धंदाच. बायका गेल्यावर ती त्या छायाचित्रापुढे उभी राहिली.

"वहिनी, ही खाली बसत का नाही?"

"म्हणजे?"

"पाणी सगळं हवेतच गळून चाललंय. मग आणलं कशाला?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. परीक्षकांनीही नाही. मी म्हटलं, "शनिवारी भिगवणला येतेस का माझ्याबरोबर?"

"उत्तराऐवजी सहल," शुभा म्हणाली. "चालेल. मासे मिळतात ना तिथे?"

शनिवार

कॅमेरा घरी ठेवला होता. शुभाने ते पाहिलं, पण विचारलं नाही. दौंडच्या पुढे उसाच्या मळीचा वास गाडीत शिरला. शुभाने काच वर केली, मग पुन्हा खाली केली. म्हणाली, वास घाण आहे पण हवा बरी आहे.

फोनवरच्या नकाशावर भरवसा ठेवून आम्ही एका डांबरी रस्त्याला लागलो. रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूंना चिंचा होत्या, आणि चालत चालत तो सरळ पाण्यात शिरला. म्हणजे वळला वगैरे नाही. डांबरासकट पाण्याखाली गेला. धरण होण्याआधीचा रस्ता होता तो. काठावर एक बाई कपडे धूत होती. तिने आमच्याकडे वळूनही न बघता विचारलं, "फोनवर बघून आलाव व्हय?"

"हो."

"सगळी हितंच येत्यात. मागं घ्या, चिंचेपाशी वळवा. जपून, परवा एकाची गाडी धुऊन निघाली."

आणि एवढं झाल्यावर तिने चहाचं विचारलं. आमच्या सोसायटीत पत्ता विचारणाऱ्याला आधी 'कोणाकडे' आणि मग 'कशाला' असं विचारतात, आणि चहाचं कोणीच विचारत नाही. शुभाला थांबायचं होतं. मी म्हटलं, उशीर होईल. खरं म्हणजे मला वेळ गेला की धीरही जाईल अशी भीती होती.

धक्क्यावर पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. इथे एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या गावात होडीवाल्यांचा एक काळा फळा आहे. त्यावर खडूने नावं लिहिलेली असतात, आणि पाहुणे आले की ज्याचं नाव वर तो निघतो. परत आला की त्याचं नाव तळाला. कोणी पाहुण्यांना ओढत नाही, भाव पाडत नाही. ही माणसं मुळात मासेमारी करणारी. पक्षी दाखवायला नंतर शिकली. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पाळ्यांचा कागद चांगला प्लास्टिकमध्ये घालून लावलाय आणि तो कोणी पाळत नाही. इथे नुसता खडू, हाताने पुसला जाईल असा, आणि दुसऱ्याचं नाव कोणी पुसत नाही.

मी फळा वरून खाली वाचला. माझ्या जुन्या होडीवाल्याचं, नामदेवदादांचं, नाव नव्हतं. नसणार हे कानावर आलं होतं, तरी वाचला.

मारुती म्हणून चाळिशीचा होडीवाला होता, त्याची पाळी. होडी निघाली आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ मी आले कशाला तेच विसरले. पाणी काचेसारखं पडलं होतं. पट्टकादंब पन्नासेक जणांचा कळप करून चिखलात चरत होते. हिमालय ओलांडून आलेली ही बदकांसारखी जाडी मंडळी, डोक्यावर दोन काळे पट्टे. चक्रवाकांची नारिंगी जोडी कुरकुरत बाजूला झाली. मग लांबवर पाण्याच्या कडेला फिकट गुलाबी रेघ दिसली. मारुतीने मोटर बंद केली आणि बांबूने होडी ढकलू लागला. रेघेच्या माना झाल्या, मानांचे पक्षी झाले. शेकडो माना उलट्या करून पाण्यात घातलेल्या, आणि त्यांच्या पायांनी चिखल तुडवल्याचा चुबूकचुबूक आवाज.

शुभा हळूच म्हणाली, "आमच्या कँटीनमध्ये एक वाजता असंच दिसतं."

"आता उडवा की," शेजारच्या होडीतला एक पाहुणा त्याच्या होडीवाल्याला म्हणत होता. "उडताना पाहिजे फोटो."

"उडतील तवा काढा," तो होडीवाला म्हणाला. "आपुन न्हाय उडवत."

परतताना मारुतीने एके ठिकाणी होडी थांबवली. तिथे काहीच नव्हतं. पाण्यातून एक बांबू वर आलेला, त्याला लाल फडकं.

"ह्याच्या खाली बेट हाय," तो पाठ केल्यासारखं बोलू लागला. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतंय. त्याच्यावर सुरय अंडी घालत्यात. होळीपासून पाऊस पडंपर्यंत तिथं होडी लावायची न्हाय, हा आमच्या सगळ्यांचा नेम. लांबनं बघायचं. पर एका वर्षी काय झालं, आमच्यातल्याच एकाची मती फिरली. मे महिन्यात बेट आन् काठ यांच्यात निस्ता गाळ ऱ्हातो. त्यानं त्या गाळात दगड टाकून वाट केली. कशापायी? पावण्यांना जवळनं फोटू पाहिजेत म्हणून. माणूस जाऊन आला. पर त्याच वाटंनं रातच्याला कुत्री गेली. सकाळी येक अंडं न्हवतं. दीडशे-दोनशे घरटी, सगळी साफ. सुरय दोन दिस नुसती वर वरडत फिरत हुती."

"मग त्या माणसाचं काय केलं?" शुभाने विचारलं.

"फळ्यावरनं नाव काढलं. चांगला माणूस हुता, आमाला पक्षी वळखायला त्यानंच शिकिवलं. पर नेम म्हंजे नेम."

मारुती हे प्रत्येक पाहुण्याला सांगत असणार. ते अगदी घोटलेलं होतं. कुठे थांबायचं, कुठे पाण्याकडे बोट दाखवायचं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मारुतीभाऊ, थांबा. मी बांबूकडे बघत राहिले. शुभा माझ्याकडे बघत राहिली.

खरं काय झालं होतं ते असं.

त्या मे महिन्यात मी एकटी आले होते, नामदेवदादांच्या होडीत. ते गावातले सगळ्यात जाणते. नियम त्यांनीच घालून दिलेला. दुपारी बारा वाजता त्यांनी मला काठावर बाभळीच्या सावलीला उतरवलं, म्हणाले, म्याडम, भाकरी खावा, मी जाळं बघून येतो. बेट समोर होतं. मध्ये गुडघाभर गाळ. काठाला जुन्या, बुडालेल्या घरांचे चपटे दगड पडले होते. मी ते एकेक उचलून गाळात टाकत गेले. जड होते. नंतर आठवडाभर पाठ दुखत होती, आणि ऑफिसात मी सांगितलं होतं की बस गचके खात होती.

पलीकडे जाऊन मी अंड्यांपासून दहा हातांवर पालथी पडले. पक्षी ओरडत वर फिरत होते. एक मादी पाण्यात पोट बुडवून आली, अंड्यांवर थबकली, आणि मला बघून बसली नाही. पाणी गळून गेलं. पुन्हा गेली, पुन्हा आली. ती बसत नव्हती म्हणून मला ते छायाचित्र मिळालं. मी तास दीड तास तिथे होते. मग त्याच दगडांवरून परत आले आणि दगड तसेच ठेवून भाकरी खाल्ली. काढायला हवेत हे सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. ऊन फार होतं.

तिसऱ्या दिवशी नामदेवदादांचा फोन आला. मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम करते. समोर कॉपी करताना पकडलेला एक मुलगा बसला होता आणि मी त्याला खरं बोल म्हणत होते. नामदेवदादा म्हणाले, "म्याडम, राग मानू नका. तुमी बेटावर गेला न्हवता न्हवं?"

मी म्हटलं, "नाही."

"मग झालं," ते म्हणाले. "मी सगळ्यांना तेच सांगितलं. म्याडम तशा न्हाईत."

शनिवार, संध्याकाळ

आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनी चुलीवरच्या भाकऱ्या, तळलेली चिलापी, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. चिलापीला काटे कमी आणि चव मातीची. आपल्याकडच्या पापलेटवाल्यांनी नाकं मुरडावीत अशी. शुभाने दोन खाल्ल्या. मी पहिल्याच भाकरीशी खेळत होते, आणि तसं खेळतानाच मी तिला सगळं सांगितलं. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

शुभाने हात धुतले. पुसले.

"दादाला?"

"नाही."

"म्हणजे मी पहिली." "वहिनी, मी आता तुला जवळ घेऊन 'झालं गेलं, जाऊ दे' म्हणावं, असं वाटतंय का तुला?"

"नाही."

"बरं झालं. मला तसं येतही नाही. घर कुठंय त्यांचं?"

"सकाळी धक्क्यावर मासे घेऊन येतात. तिथे सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

"आज होडीत पण सांगणार होतीस," शुभा म्हणाली. "चेहरा बघितला मी तुझा. उद्या मी तुझ्या मागे उभी राहणार. पळायला जागा नको."

रविवार

सकाळी धक्क्यावर मासे मोजून घेणारा टेम्पो उभा होता. पाण्यावरून एकेक होडी येत होती आणि बर्फाच्या खोक्यात चिलापी ओतली जात होती. वरती घारी. दहा-बारा होडीवाले फळ्यापाशी चहा पीत होते, मारुतीही त्यांच्यात. नामदेवदादांची होडी शेवटी आली. केस पूर्ण पांढरे झाले होते. होडीतच बसून ते जाळ्यातून मासे सोडवायला लागले. मला बघून त्यांनी ओळखलं, आणि चक्क हसले.

"म्याडम. लई वर्सांनी. क्यामेरा न्हाय आणला?"

मी गाळात उतरून होडीपाशी गेले. शुभाची एक चप्पल मागे चिखलात राहिली. तरी ती आली. मी आवाज चढवून बोलले, कारण मला माहीत होतं की हळू बोलले तर ते त्यांच्यापुरतंच राहील आणि ते चांगुलपणाने त्यांच्यापुरतंच ठेवतील.

"नामदेवदादा, बेटाच्या वाटेचे दगड मी टाकले होते. तुम्ही जाळं बघायला गेलात तेव्हा. तुम्ही फोन केलात तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांनी हातातला मासा सोडवला, खोक्यात टाकला. पुढचा धरला आणि हात थांबला.

"मी इचारलं हुतं तुमाला."

"हो."

"सरळ इचारलं हुतं."

"हो."

फळ्यापासून मारुती चार पावलं पुढे आला. "म्याडम, काल तुमी माझ्याच होडीत बसून समदं ऐकलं की."

"ऐकलं."

"मग तवाच बोलायचं हुतं. आता मी पावण्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हटलं. आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांकडचं नव्हे, आत्ताचं; राहणार कोथरूड. मारुतीने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. मला ते बरं वाटलं असं नाही. पण योग्य वाटलं.

एक म्हातारा होडीवाला खडू शोधायला लागला. नामदेवदादांनी मान हलवली. "फळा ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच एकेरीवर येतील की काय असा आवाज करून म्हणाले, "नावाचं काय न्हाय म्याडम. माझं पोट जाळ्यावर हाय, फळ्यावर न्हवतंच कदी. पर तुमी न्हाय म्हणाला. आन् मी तर टाकलं न्हवतं. मग ऱ्हायलं कोण? त्या दिशी काठाला माझा भाऊ जाळं वाळवत हुता. सोपान. बेट दाखवाया पायजे, पैकं मिळतील, म्हणून बैठकीत भांडला बी हुता. गावानं मला धरलं, मी त्यालाच धरलं."

"काय म्हणाले ते?"

"न्हाय म्हणाला. तुमी बी न्हाय म्हणाला, त्यो बी न्हाय म्हणाला." त्यांनी जाळं खाली ठेवलं. "मी तुमचं खरं मानलं."

पुण्याहून निघताना मी अकरा वर्षांत शंभर वेळा ठरवलेली वाक्यं बरोबर आणली होती. ती सगळी एका माणसासाठी होती. दुसरा माणूस आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"कुठे असतात?" शुभाने विचारलं.

नामदेवदादांनी हनुवटीने पलीकडचा काठ दाखवला. "बसा," ते म्हणाले.

पाणी ओलांडायला अर्धा तास लागला. त्यांनी मोटर सुरू केली आणि पलीकडच्या काठावर नजर ठेवली. चित्रबलाकांचा थवा डोक्यावरून गेला. इतर कुठल्या दिवशी मी त्यावर परिच्छेद लिहिला असता. पलीकडच्या काठाला पत्र्याची दोन घरं होती, उलटी घातलेली होडी, आणि तिला डांबर लावत बसलेला एक माणूस. नामदेवदादांनी होडी काठापासून वीस हातांवर थांबवली. पुढे न्यायला तयार नव्हते. आम्ही दोघी गुडघाभर पाण्यातून चालत गेलो. ते होडीतच, तोंड दुसरीकडे करून बसले.

मी सोपानदादांना सांगितलं. तेच, तेवढ्याच शब्दांत. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

सोपानदादांच्या हातात डांबराचा ब्रश होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही. "हे त्याला सांगितलं?"

"आत्ताच. ते म्हणाले, बसा."

"आई गेली तवा," त्यांची बायको दारातूनच म्हणाली, "दोगं दोन बाजूंनी हुबी ऱ्हायली, म्याडम. खांदा बी दोगांनी येका टायमाला दिला न्हाय. लोकं बघत हुती."

मी माफ करा म्हटलं नाही. ते ऐकायला त्यांना बांधून ठेवणं बरोबर दिसलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "हे माझ्यामुळे झालं."

"तुमी आता गाडीत बसून पुण्याला जाल," सोपानदादा म्हणाले. "आमी काय करायचं, ते बी सांगून जावा."

परत आल्यावर मी ते छायाचित्र भिंतीवरून काढलं, बक्षीस देणाऱ्यांना सगळं लिहून कळवलं, नवऱ्याला सांगितलं. त्यातलं काहीच सोपानदादांच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे मला कळतं. पण त्या काठावर मी मान खाली घातली नाही. इतकी वर्षं घातली होती. आता तरी समोर उभं राहायचं असं ठरवूनच आले होते, आणि उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते तोवर मी त्यांच्याकडे बघत होते.

मग त्यांनी बघणं थांबवलं. ब्रश डब्यात ठेवला, पायजमा वर खोचला आणि पाण्यात शिरले. होडीपासून हातभर अंतरावर, मांडीभर पाण्यात, जाऊन उभे राहिले. नामदेवदादा तोंड फिरवून बसलेलेच.

शेवटी नामदेवदादाच बोलले, पाण्याकडे बघत. "जाळं कवा टाकलंस?"

"पहाटं."

"घावलं का काय?"

"चिलापीच. दुसरं काय घावतंय आता."

"मोटर बिघडली तुझी. पल्याडपत्तोर आवाज येतोय."

"प्लग गेलाय."

नामदेवदादा थोडे सरकले. सोपानदादांनी होडीच्या कडेला हात टेकून अंग वर खेचलं आणि ओल्या कपड्यांनी होडीत बसले. मग मोटर सुरू झाली, होडी वळली आणि सोपानदादांनी पहाटे जाळं टाकलं होतं त्या दिशेने निघाली.

आम्हाला परत न्यायचं आहे हे त्या दोघांच्याही लक्षात नव्हतं. शुभा एक चप्पल हातात धरून उभी होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. सोपानदादांच्या बायकोने आमच्यासाठी चटई टाकली. होडी ठिपक्याएवढी होईपर्यंत आम्ही तिघी त्या चटईवर बसून राहिलो.